निवृत्तांचा आरोग्य विमा आणि तब्येत: विदर्भातल्या गावात नेमकं काय कामी येतं?

निवृत्त_मास्तर (आर्वी तालुका)

नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत आम्हा पेन्शनरांची गर्दी होते. यंदा त्या गर्दीत महागाई भत्त्यापेक्षा दवाखान्याच्या कार्डांवर जास्त बोलणं झालं. बहुतेकांच्या खिशात एक ना एक कार्ड होतं, पण ते कशाला चालतं हे विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. म्हणून हा धागा. मला पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो, बाकीच्यांनी भर घालावी.

आधी सत्तरीच्या पुढच्यांचं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड निघालं. उत्पन्नाची अट नाही. पेन्शन असो, दहा एकर ओलीत असो, पोरगा अमेरिकेत असो, आधारवर ७० पूर्ण झाले की वर्षाला ५ लाखांपर्यंत भरतीचा खर्च त्यात होतो. जुना आजार चालतो, थांबायची मुदत नाही. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या पुढे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. बायको ६६ ची असेल तर ती यात नाही. तिच्यासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ही राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे अमरावती आणि गडचिरोली हे दोन जिल्हे होते. आता तिच्यातही कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहेत आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. आमच्यातले कितीतरी मास्तर अजून ‘आपलं कार्ड पांढरं, आपल्याले काही नाही’ असंच धरून बसले आहेत.

आता गोम कुठे आहे ते सांगतो. ही दोन्ही कार्डं भरती झाल्यावर चालतात. ओपीडी, महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांची शुगर, दात, चष्मा, कानाचं मशीन, सगळं खिशातून. नोकरीत होतो तोवर बिलं लावता येत होती, निवृत्तीबरोबर तेही संपलं. माझ्या पेन्शनला भोक पाडलं ते ऑपरेशननं नाही, गोळ्यांच्या पाकिटांनी. तेव्हा प्रश्न दोन आहेत. भरतीची सोय कुणी कशी केली? आणि भरती व्हायची पाळी लांबावी म्हणून तुमच्या गावात कोण काय करतं?


वणी_कोलमाईन

गुरुजी, आम्हा वेकोलिवाल्यांचं (सरकारी कोळसा खाण कंपनी) वेगळं आहे. निवृत्त होताना एकरकमी पैसे भरले की नवरा-बायकोचं मेडिकल कार्ड निघतं, ओपीडीचंही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतं. दरवर्षी हयातीचा दाखला मात्र इथेही द्यावा लागतो, तो राहिला की कार्ड अडकतं. खरी अडचण अंतराची. कंपनीचा दवाखाना खाणीजवळ आणि माणूस निवृत्त होऊन मारेगाव-झरीकडच्या आपल्या गावी गेलेला.


हिंगणघाट_गिरणी

सूतगिरणीवाल्यांसाठी एक गोष्ट, जी युनियनवालेही सांगत नाहीत. ईएसआयसीत (कामगार विमा योजना) किमान ५ वर्षं पगारातून कपात झाली असेल आणि वयानुसार निवृत्त झाला असाल, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू राहतात. होय, एकशे वीस, आणि तेही वर्षाचे. यात ओपीडी आणि गोळ्याही येतात. जुना विमा क्रमांक शोधा, पेटीत कुठेतरी असेल.


यवतमाळची_लेक (सध्या पुणे)

नमस्कार. बाबा दारव्ह्याजवळच्या गावी असतात, वय ६८, शुगर आहे. आईला ६३, तिला बीपी. म्हणजे वय वंदना बाबांना अजून दोन वर्षांनी. मधल्या काळासाठी खाजगी पॉलिसी घ्यावी असं मला वाटतं, पण बाबा म्हणतात ‘तेवढ्या पैशात बोअर मारून होईन’. दोघांचा मिळून हप्ता चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात सांगितला आहे. घ्यावी का?


विमावाला_अकोला

ताई, मी स्वतः एजंट आहे, त्यामुळे माझं बोलणं जरा सावधपणेच ऐका. पण नियम सांगतो, ते माझे नाहीत.

६५ नंतर नवी पॉलिसीच नाही ही अट १ एप्रिल २०२४ पासून गेली. याचा अर्थ कंपनी बाबांना देईलच असा नाही. तपासणी करेल, हप्ता वाढवेल किंवा नाही म्हणेल. दिली तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकते, पूर्वी ४ होती. म्हणजे शुगरशी जोडलेलं काही झालं तर पहिली दोन-तीन वर्षं हात वर होऊ शकतात, आणि तोपर्यंत बाबा सत्तरीत जाऊन वय वंदनात बसतील. हे गणित कोणताच एजंट स्वतःहून मांडत नाही. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. कुणी जुना तक्ता दाखवला तर नवा मागा. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांच्या वर न्यायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, हेही २०२५ च्या जानेवारीपासून आहे.

आणि रूमचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. समजा विमा ३ लाखांचा आणि रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. नागपूरला तुम्ही ६,००० ची रूम घेतली. लोकांना वाटतं वरचे तीन हजार आपण देऊ, झालं. तसं नसतं. रूम दुप्पट घेतली म्हणून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळंच अर्ध्यावर येतं. दीड लाखाच्या बिलात पाऊण लाख घरचे गेलेले मी पाहिले आहेत. त्यावर २० टक्के सहभाग तुमचा, असं आणखी एक कलम ज्येष्ठांच्या पॉलिसीत बरेचदा असतंच.

माझं मत विचाराल तर आईसाठी घ्या, ती लहान आहे आणि नुसतं बीपी आहे. बाबांसाठी ती रक्कम वेगळी ठेवा.


यवतमाळची_लेक (सध्या पुणे)

दादा, एजंट असून असं सांगितलंत! आईची वेगळी पॉलिसी चालेल का ते घरी विचारते. फुले योजनेचं यवतमाळला कोणतं हॉस्पिटल सोयीचं?


विमावाला_अकोला

यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात, म्हणून कुठेही जायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं टेबल सांभाळणारा माणूस) विचारा. ज्याची पॉलिसी आधीपासून आहे त्यानं मात्र ती तोडू नये. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, म्हणजे थांबलेली वर्षं वाया जात नाहीत.


लालपरी_चालक (मेहकर)

मी यष्टीत डायवर होतो. आमची पेन्शन ईपीएसची, म्हंजे पीएफवाली. सरकारनं २०१४ साली कमीत कमी १,००० ठरवली, त्याच्या थोडी वर मले भेटते. पंचेचाळीस हजाराचा हप्ता आयकूनच छातीत कळ येते बाप्पा!

मस्करी सोडा, कळ खरंच आलती. यंदा उन्हाळ्यात. पोराईनं रातोरात नागपूरले नेलं. कार्ड होतं, बायकोनं प्लास्टिकच्या पिशवीत आधारसंगं बांधून ठेवलेलं. दवाखान्यानं कार्ड पाह्यलं न पह्यले म्हने चाळीस हजार भरा, मंजुरी आली का वापस देऊ. पोरगा एटीएमले निघालाच होता. तेवढ्यात तिथंच बसलेला एक गोंदियाकडचा मानूस म्हने, भाऊ, पैसे भरू नोको, आरोग्यमित्राचा टेबल कुठं हाये ते विचार. टेबल होता, खांबाच्या मांगं. पोरीनं कागद घेतले, फोटो काढला. तरी काउंटरवाला आयकेना, मंग पोरानं योजनेच्या १५५३८८ नंबरवर फोन लावला तिथंच उभं राहून, आवाज मोठा करून. दहा मिन्टात डिपॉझिटची गोठ बंद. स्टेन टाकली, सुट्टी झाली, १५ दिवसाच्या गोळ्याबी भेटल्या. सोळाव्या दिवशीपासून माह्या मी. रक्त पातळ करायची गोळी बंद करता येत नाई, ते डाक्टरनं दोनदा सांगतलं.

मास्तर म्हन्ते ते बरोबर हाये. भरतीचं झालं, पन गोळीचं काय?


निवृत्त_मास्तर (आर्वी तालुका)

लालपरी भाऊ, आता तब्येत कशी आहे? गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र पाहिलं का? तालुक्याच्या जागी बरेचदा असतं. तीच औषधं, नाव कंपनीचं नाही, भाव अर्ध्याहून कमी. डॉक्टरनं चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून दिलं तर काम सोपं.

आणि सगळ्यांसाठी: रोख पैसे न भरता उपचार मिळणाऱ्या योजनेत आधी पैसे मागितले तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की निम्मे लोक मागणं सोडून देतात.


उपकेंद्र_सिस्टर (गडचिरोली जिल्हा)

सगळ्या काका-काकूंना नमस्कार. मी उपकेंद्रात आहे, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. बोर्ड बदलला, खुर्ची तीच आहे.

तुम्ही सगळे गोळ्यांचं म्हणता, तर सांगते. बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या आमच्याकडे फुकट मिळतात, तपासणीही. कधी साठा संपतो, खोटं कशाला बोलू. पण पेन्शनर लोक येतच नाहीत. बाई, तिथं मजूर लोकांची लाईन असते, असं मला एका काकांनी तोंडावर सांगितलं आणि तालुक्याला जाऊन तीच गोळी विकत आणली. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. डॉक्टरांशी बोलायचं असेल तर ई-संजीवनीवर आम्ही मोबाईलवरून जोडून देतो.

आता माझी तक्रार ऐका. खर्रा. निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून पारावर बसायचं आणि दिवसभर पन्नी चोळत राहायची. सुपारी, तंबाखू, चुना, तोंडात एका बाजूला धरलेला. तोंडात दोन बोटं उभी जात नाहीत अशी माणसं माझ्यासमोर बसून बीपीची गोळी मागतात. मी बीपी आधी घेत नाही, आधी ‘आ’ करायला सांगते. पांढरा चट्टा दिसला तर त्याच दिवशी चिठ्ठी देते. योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात हे खरं, पण त्या उपचारातून गेलेला माणूस जेवतो कसा ते एकदा पाहा.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवते. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत बीपीच्या, विशेषतः लघवीच्या गोळीवाल्यांना उठताना भोवळ येते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, उन्हाळा लागायच्या आधी येऊन डोस तपासून घ्यायचा.


अचलपूर_जुना_पैलवान

सिस्टरताई बरोबर बोलल्या. पण हे जे वेलनेस, टार्गेट, रोज दहा हजार पावलं वगैरे चाललंय, ते शहरातल्या लोकांचं खूळ आहे. आमच्या बापानं कधी पावलं मोजली? शेतात गेला, आला, नव्वद वर्षं जगला.


उपकेंद्र_सिस्टर (गडचिरोली जिल्हा)

काका, तुमचे वडील शेतात जात होते. तुम्ही मोटारसायकलवर जाता, बांधावर उभे राहून मजुरांना हाका मारता आणि वापस येता. :)

पावलं नका मोजू. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं म्हणते, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल असं चालणं, रोजचं अर्धा तास धरा, दोन दिवस सुट्टी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली, एक छोटा चमचा. भाजीतलं मीठ बाया कमी करतात हो, पण ठेचा, लोणचं, पापड, खारोड्या हे कुणी मोजतच नाही. आणि ६५ च्या पुढच्यांनी तोल सांभाळायचा व्यायाम करायचा, हे फार कमी लोकांना माहीत आहे. ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. खुर्चीतून हात न टेकवता उठायचं-बसायचं. खुब्याचं हाड मोडून जे पेशंट माझ्याकडे येतात ते शेतात पडलेले नसतात. रात्री उठून आंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासात जाताना पडलेले असतात. तिथं एक बल्ब आणि भिंतीला धरायला एक पाईप, एवढंच लागतं.


अचलपूर_जुना_पैलवान

बल्बचं मान्य. मोटारसायकलचं बघू.


निवृत्त_मास्तर (आर्वी तालुका)

आमच्या गावात काय चाललंय ते सांगतो. गुरुदेव सेवा मंडळाची रामधून पहाटे गावातून फिरते. तुकडोजी महाराजांचा हा प्रदेश, त्यामुळे लोक निघतातच. आम्ही एवढंच केलं की रामधून संपल्यावर घरी न जाता तशीच पुढे पांदण रस्त्यानं नाल्यापर्यंत जायची. वेगळा ‘मॉर्निंग वॉक’ म्हटलं असतं तर चार टाळकी आली असती. बाया तर आल्याच नसत्या. आता त्या पुढे आणि आम्ही मागे.

दुसरं ठरवलं की महिन्यातून एकदा आशाताईंकडून सगळ्यांचं बीपी आणि वजन. त्यात एकानं कल्पना काढली की सगळ्यांचे आकडे समाजमंदिराच्या फळ्यावर लिहायचे, म्हणजे चढाओढ लागेल. यावर मोठा वाद झाला. तुम्हाला काय वाटतं?


सेलूचा_वाचक

फळ्यावर अजिबात नको. माझी शुगर किती हे सोयरीक जुळवणाऱ्या गावाला कळायची काय गरज? आकडे ज्याच्या त्याच्या वहीत. फळ्यावर लिहायचंच तर कोण किती दिवस आला ते लिहा.

विम्यावरून आठवलं. आपल्या वर्धा जिल्ह्यात हे काही नवं नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकारानं कितीतरी वर्षांपूर्वी गावागावांत आरोग्य विमा चालवला, आणि हप्ता होता ज्वारी! सुगीला ज्वारी गोळा व्हायची. ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त घालायची, मजुराच्या घरानं थोडी. उपचार मात्र सगळ्यांना सारखे. गावातल्या बहुतेक घरांनी सामील व्हायचं, ही अट. निरोगी माणूस ‘मला काय करायचं’ म्हणून बाहेर राहिला की विमा बुडतो, हे तेव्हाच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या लोकांना कळत होतं. आता ज्वारीच पेरत नाही कुणी, सगळीकडे कपाशी आणि सोयाबीन.


वणी_कोलमाईन

हप्त्याऐवजी ती रक्कम वेगळी ठेवावी, या विमावाल्यांच्या मुद्द्यावर. मी म्हणतो दोन्ही लागतं. ५ लाखांचं कार्ड मोठ्या आजाराला, आणि पन्नास-साठ हजार बचत खात्यात, ज्याला पोरांच्या लग्नातही हात लावायचा नाही. कारण भरती पेशंट एकटा होत नसतो. त्याच्यासोबत दोन माणसं नागपूरला राहतात, जेवतात, गाडी-भाडं करतात. ते कोणत्याच कार्डात बसत नाही.


लालपरी_चालक (मेहकर)

गाडीभाड्याचं यष्टीवाला म्हनून मीच सांगतो. ७५ च्या वरच्याले यष्टी फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, बायांना अर्धं. तपासनीले जातानी खाजगी गाडी काहून करता? अन् चष्मा, काठी, कानाचं मशीन, गुडघ्याचा पट्टा यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० भेटते, ६५ च्या वर अन् घरचं उत्पन्न २ लाखाच्या आत असलं तर. आमच्या गावात दोघातिघाईनं घेतले.

तब्येत बरी हाये मास्तर. खर्रा सोडला. म्हंजे सोडून रायलो.


विमावाला_अकोला

एक राहिलं. पेन्शनवर टॅक्स भरणाऱ्यांसाठी: जुनी करप्रणाली घेत असाल आणि ६० च्या वर असूनही विमा नसेल, तर औषधोपचाराचा खर्चही ५०,००० पर्यंत वजावटीत दाखवता येतो. पैसे रोखीनं दिलेले चालत नाहीत. नव्या प्रणालीत हे नाही. आणि क्लेम नाकारला, कंपनीकडे तक्रार करून महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही.


रानभाजी (तिरोडा)

माझ्या सासूबाईंचं वय वंदना काढायला सेतूत गेलो. त्यांचे अंगठेच उठत नाहीत, आयुष्यभर धानाच्या बांधीत काम केलं, रेषाच राहिल्या नाहीत. परत पाठवलं. आणि आधारवर वय ६७ लागलंय, खरं वय सहज ७४ असेल. काही उपाय?


उपकेंद्र_सिस्टर (गडचिरोली जिल्हा)

ताई, अंगठाच लागतो असं नाही. आधारला मोबाईल जोडला असेल तर ओटीपीवर होतं, नाहीतर डोळ्यांवर किंवा चेहऱ्यावर होतं. आयुष्मानच्या ॲपमध्ये चेहऱ्याचा पर्याय आहे. सेतूवाल्याला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर सासूबाईंना घेऊन उपकेंद्रात जा. आमच्याकडे चेहऱ्यावर बरेच निघाले आहेत. उजेडाकडे तोंड करून बसवा आणि चष्मा काढा.


निवृत्त_मास्तर (आर्वी तालुका)

वयाचं काम मात्र आधार केंद्रातच होईल. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाई करू नका, आधी पुरावा हातात घ्या. सासूबाई एक-दोन वर्षं जरी शाळेत गेल्या असतील तरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नोंद असते. माहेरच्या गावच्या शाळेत जा, लग्नाआधीचं नाव आणि वडिलांचं नाव सांगा, दाखल्याची प्रत मागा, आणि ती चालते का हे आधार केंद्रात विचारून घ्या. तिथेही १ जुलै हीच तारीख निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नका. तेव्हाचे आम्ही मास्तर लोक सगळ्या गावाला १ जुलैलाच जन्माला घालत होतो. वर्ष बरोबर असलं की झालं.


रानभाजी (तिरोडा)

त्यांचं माहेर आमगावकडचं आहे. दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर शाळा उघडलीच आहे, सोमवारी नवऱ्याला पाठवते. चेहऱ्याचं आज संध्याकाळीच करून बघते.